तुमचं दूरशिक्षण कधीच सुरू झालंय, डॉक्टर

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे डॉक्टर एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचे सहयोगी प्राध्यापक आहेत. वय ४८. दोन वर्षांपूर्वी ‘ऑनलाइन अध्यापना’ची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली. तेव्हापासून मूडल, गूगल क्लासरूम, झूम, ओबीएस, काहूट, पॅडलेट अशी २३ साधनं त्यांनी वापरून पाहिली. नावं वहीत लिहून ठेवली आहेत. घरी रात्री जागून ४१ लेक्चर रेकॉर्ड केली, प्रत्येक ५० मिनिटांचं. २०० जणांच्या बॅचमधल्या फक्त ९ जणांनी एखादं तरी शेवटपर्यंत पाहिलं. मुलं म्हणतात, ‘सर, ॲपवर आहे की हे.’ सहकारी म्हणतात, ‘सगळं रेकॉर्ड करून दिलंत, तर उद्या तुमची गरज काय?’ कॅमेरा, लाइट, माइक, डिजिटल बोर्ड असा सव्वा लाखाचा सेट स्वतःच्या खिशातून घ्यावा का, मेडिकल एज्युकेशनचा एखादा कोर्स दूरशिक्षणाने करावा का आणि डॉक्टर मुळात दुरून घडवता येतो का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शेवटी जाता जाता एक तक्रार. जुने विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून व्हॉट्सॲपवर ईसीजी पाठवत असतात. परवा सातपुड्यातून एकीचा आला. यांनी ‘एव्हीआर बघ’ एवढंच लिहिलं; एव्हीआर ही ईसीजीतल्या नोंदींपैकी एक. पाच मिनिटांत नवा ईसीजी आला, ‘सॉरी सर, हातांचे लीड उलटे लागले होते.’ ‘यांना उत्तरं देता देता रेकॉर्डिंगला वेळच उरत नाही,’ असं ते लिहितात.

डॉक्टर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सव्वा लाखापाशी थांबले, दुसऱ्यांदा शेवटच्या तक्रारीपाशी. तक्रारीकडे सावकाश येते, आधी पैशाचं उरकते: तो सेट घेऊ नका. कॉलेज घेऊन देत असेल तरी सहा महिने थांबा. पन्नास मिनिटांचं लेक्चर जे पाहत नाहीत, ते लाइट चांगला पडला म्हणून पाहायला लागणार नाहीत.

हसू नका, मीही या वाटेने गेले आहे. मी फार्माकॉलॉजी शिकवायचे. २०२० च्या एप्रिलमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम घेतली. पडद्यावर १४८ नावं. मी विचारलं, ‘ॲट्रोपीनने बाहुली मोठी का होते?’ शांतता. मग चॅटमध्ये एक ‘येस मॅम’ आलं. त्यामागून आणखी एक. मोजले तर १७ ‘येस मॅम’. प्रश्न ‘का’ असा होता! तास संपला, मी ‘थँक्यू’ म्हटलं, तरी तीसेक नावं तशीच. मुलं कधीची उठून गेली होती, फोन तेवढा वर्गात बसून राहिला होता.

त्याच महिन्यात एका मुलीने डोस-रिस्पॉन्सचा आलेख काढून त्याचा फोटो पाठवला. वहीचं पान, कोपऱ्यात चहाचा डाग. कॉम्पिटिटिव्ह अँटागोनिस्ट, म्हणजे त्याच जागेसाठी झगडणारं विरोधी औषध, दिल्यावर रेघ उजवीकडे सरकायला हवी, हिने खाली दाबली होती. मी त्याच फोटोवर बोटाने लाल खूण करून विचारलं, ‘डोस वाढवत गेलं तर ही वर पोचेल की नाही?’ अर्ध्या तासाने उत्तर आलं, ‘पोचेल मॅम. म्हणजे उंची तीच. फक्त सरकेल.’ त्या पूर्ण महिन्यात मी खरंखुरं शिकवलं असेल तर तेवढंच, आणि त्याला लागला एक फोन आणि एक बोट.

म्हणून तुमच्या २३ नावांच्या वहीबद्दल मला एक शंका आहे. दूरशिक्षण म्हणजे लेक्चर, फक्त तारेतून पाठवलेलं, असं तुम्ही धरून चालला आहात का? तसं धरलं की सगळे प्रश्न साधनांचे होतात. कुठला माइक, कुठला बोर्ड, किती पिक्सेल. पोरगं त्या व्हिडिओसमोर बसून काय करणार, हा प्रश्न वहीत कुठेच येत नाही.

मूडलचंच घ्या, ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर. ते ज्याने तयार केलं तो मार्टिन डूगियामास ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या वाळवंटी भागात वाढला. आसपास शाळा नाही. शिक्षक शॉर्टवेव्ह रेडिओवर भेटायचे, अभ्यासाचे कागद विमानाने यायचे-जायचे. मोठेपणी त्याने मूडल लिहिलं, २००२ साली त्याची पहिली आवृत्ती आली. आत शिरून नीट पाहा. व्हिडिओ चढवायची सोय आहेच, पण निम्मा पसारा चर्चा, गृहपाठ, अभिप्राय आणि एकमेकांचं काम तपासणं याचा आहे. रेडिओच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उत्तर देणारं होतं, हे त्या पोराला पक्कं माहीत असणार.

आता ‘सर, ॲपवर आहे की हे.’ मुलं खरं बोलताहेत हो. कावीळ का होते याची कारणं ॲपवर आहेत, तुमच्यापेक्षा चकचकीत आहेत, आणि नीट-पीजीला काय येतं तेवढंच छाटून दिलेलं आहे. त्या शर्यतीत उतरायचं कारणच नाही. एमबीबीएसला २०१९ पासून जो क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला त्यात नुसती लेक्चरं एक तृतीयांशाच्या वर जाऊ नयेत असं नियमातच आहे. मग सांगायचं काम ॲपला करू द्या. मुलांना म्हणा, बघून या. तुमच्या तासाला पेशंट ठेवा.

२०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंचा एक मोठा अभ्यास झाला. ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितले गेले, त्याची मोजदाद. निष्कर्ष असा की व्हिडिओ कितीही लांब असो, माणसं साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. तुमच्या ४१ रेकॉर्डिंगमधून चार-पाच तुकडे काढा, सहा-सहा मिनिटांचे, जिथे हाताने काही करून दाखवलंय तेवढेच. जेव्हीपी, म्हणजे मानेतल्या शिरेचा दाब, कसा बघायचा. प्लीहा हाताला लागत नसेल तर पेशंटला उजव्या कुशीवर कसं वळवायचं. हे ॲपपेक्षा तुम्ही चांगलं दाखवाल. वरून आलेख काढून दाखवायचा असेल तर पुस्तकांच्या दोन चवडी, त्यावर आडवी पट्टी, पट्टीवर फोन, खाली कागद. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या, तो हजार-दीड हजारात येतो आणि त्याने खरोखर फरक पडतो. पंखा बंद करा. रात्री दीडला रेकॉर्ड करू नका. घरच्यांनाही झोप असते.

आणि व्हिडिओच्या आधी दोन प्रश्न द्या, नंतर तीन. नंतरचे, न बघता सोडवायचे, हे महत्त्वाचं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने घेतली तर परत वाचणारे ४२ वर आणि न बघता लिहिणारे ५६ वर. आपल्या मुलांना परत परत बघायची सवय आहे, दीडपट वेगाने. बघितलं की आलं असं वाटतं. गूगल फॉर्मवर तीन प्रश्न टाकायला तुम्हाला दहा मिनिटं लागतील.

वहीतल्या २३ पैकी किती ठेवायची? माझ्या मते तीन. मुलं जिथे आधीच आहेत ते एक, म्हणजे बहुधा व्हॉट्सॲप. कागदपत्रं आणि प्रश्न एका जागी राहतील असं एक, क्लासरूम चालेल. समोरासमोर बोलायला एक, झूम किंवा मीट. झूमचं फुकटचं खातं ४० मिनिटांनी बंद पडतं, ते मला तरी वरदानच वाटतं. मूडल सरस आहे यात वाद नाही, आणि फुकट आहे. पण फुकटची गाय दारात बांधली तरी वैरण आपल्यालाच घालावी लागते. सर्व्हर, बॅकअप, अपडेट, पासवर्ड विसरलेली दोनशे मुलं. कॉलेज त्यासाठी वेगळा माणूस देणार असेल तर जरूर बसवा. नाही तर वर्षभरात तुम्ही मेडिसिनचे शिक्षक कमी आणि कॉम्प्युटर विभागाचे बाबू जास्त व्हाल.

सहकाऱ्यांच्या टोमण्यावर फार वेळ घालवत नाही. ज्याचं सगळं काम पन्नास मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये मावतं, त्याने जरूर घाबरावं.

दुरून डॉक्टर घडवता येतो का? मिलर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये चार पायऱ्या मांडल्या, तुम्ही बेसिक कोर्सला ऐकल्या असतील: माहीत आहे, कसं करायचं ते समजतं, करून दाखवतो, रोजच्या कामात करतो. पहिल्या दोन पायऱ्या तारेवरून जातात. तिसरीपासून पेशंट लागतो आणि शेजारी उभा राहणारा शिक्षक लागतो. पेशंटने श्वास आत घेतला की लिव्हरची कड तर्जनीला येऊन टेकते, तो क्षण कुठल्याही पडद्यावर दाखवता येत नाही. विद्यार्थ्याचा हात धरून तो दोन बोटं खाली सरकवावा लागतो. आधी चीनमधून आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या मुलांनी ऑनलाइन वर्ग केले, तेव्हा निव्वळ ऑनलाइन शिक्षण आपल्याला मान्य नाही अशीच भूमिका राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. मुलांचे हाल झाले, पालकांचे पैसे गेले, त्याबद्दल वाईट वाटतं. पण भूमिका चुकीची होती असं मला म्हणवत नाही.

तेव्हा एमबीबीएसच्या पोरांसाठी ऑनलाइन हा जोडधंदा. शेती वॉर्डातच करायची.

पण जो डॉक्टर होऊन बसलाय त्याचं काय? इथे आपण तुमच्या तक्रारीपाशी आलो.

सातपुड्यातल्या त्या मुलीने ईसीजी पाठवला. उलटी लीड वन आणि सरळ उभा एव्हीआर, हातांच्या तारा अदलाबदल झाल्याची ही खूण तुम्हाला एका नजरेत दिसली असणार. ‘लीड उलटे लागलेत’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. तुम्ही तीन शब्दांऐवजी दोनच लिहिले, ‘एव्हीआर बघ’. तिने पाहिलं, तिचं तिला उमगलं, तिने पेशंटपाशी परत जाऊन लीड बदलले, नवा ईसीजी काढला. मिलरच्या वरच्या दोन्ही पायऱ्या पाच मिनिटांत, शेकडो किलोमीटरवरून. शेजारी उभं राहावं लागतं असं मी आताच म्हटलं ना, इथे लागलं नाही, कारण पूर्वी कधीतरी वॉर्डात तुम्ही तिच्या शेजारी उभे होतात. ४१ रेकॉर्डिंगनी जे झालं नाही ते दोन शब्दांनी झालं, आणि तुम्ही त्याला अडथळा म्हणता!

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांच्यापुढे असाच पेच होता. ते यकृताचे तज्ज्ञ, अल्बुकर्कीच्या विद्यापीठात. हेपटायटिस सीचे पेशंट लांबलांबून येत, महिनोन्‌महिने ताटकळत. सगळ्यांना एकटे तपासणं शक्य नव्हतं. २००३ पासून त्यांनी खेड्यातल्या आणि तुरुंगातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर गोळा करायला सुरुवात केली. तज्ज्ञ थोडा वेळ बोलणार, बाकी वेळ त्या डॉक्टरांनी आपापल्या केसेस मांडायच्या. प्रोजेक्ट इको ते हेच. २०११ मध्ये ४०७ पेशंटांचे निकाल प्रसिद्ध झाले. विद्यापीठात ५७.५ टक्के बरे झाले होते, खेड्यात आणि तुरुंगात ५८.२ टक्के. आणि हे इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळातलं बरं का, जेव्हा त्या उपचाराला तज्ज्ञही कचरायचे. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने फॅमिली मेडिसिनचा डिप्लोमा दूरशिक्षणाने चालवला, तोही नोकरीतल्या डॉक्टरांसाठीच. वाचन घरी, अधूनमधून प्रत्यक्ष संपर्कवर्ग. दवाखान्याला टाळं ठोकून कुणालाही दोन वर्षं शहरात जाऊन राहावं लागलं नाही.

तुम्हाला एवढं मोठं काही उभारायची गरज नाही. महिन्यातले दोन गुरुवार, ४५ मिनिटं, दहा-बारा जुने विद्यार्थी. दोन केसेस, त्यांच्याच. सुरुवातीची दहा मिनिटं तुम्ही बोला, नंतर गप्प बसा. गप्प बसणं फार जड जातं, शिक्षकाचा पेशा असा आहे की शांतता पडली की आपल्यालाच अपराधी वाटतं. तरी थांबा, आधी दुसऱ्या केंद्रातल्या कुणाला तरी उत्तर देऊ द्या. ईसीजी आदल्या दिवशी पाठवून ठेवा, म्हणजे रेंज गेली, चित्र अडकलं, तरी नुसत्या आवाजावर तास चालतो. फोटो कसा काढायचा ते एकदा शिकवा: कागद सपाट, फोन बरोबर वरून, कॅलिब्रेशनची खूण दिसली पाहिजे. सोबत वय, त्रास कधीपासून, बीपी. रात्रीच्या फोनांनाही यामुळे थोडा बांध बसेल, कारण बऱ्याच गोष्टी ‘गुरुवारी बोलू’ म्हणून थांबू शकतात.

थांबू न शकणाऱ्या वेगळ्या ठेवा. छातीत कळ येऊन घामाघूम झालेला माणूस समोर असताना ‘एव्हीआर बघ’ चालणार नाही. तिथे सरळ सांगायचं, काय दे, १०८ बोलव, पुढे पाठव. शिकवणं आठवड्याने. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी उपचार करणारा पहिलाच राहतो. हे तुमच्या मुलांना माहीत असू द्या, तुमच्या आणि त्यांच्याही भल्यासाठी.

एका बाबतीत मात्र मला तुमच्यावर थोडं रागवायचं आहे. त्या ईसीजीवर पेशंटचं नाव होतं की नाही, याचा पत्रात उल्लेखच नाही. बहुतेक असणार, मशिनच वर छापतं. तो फोटो आता तुमच्या गॅलरीत आहे, घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी, आणि कुठल्या तरी बॅकअपमध्येही. नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून मगच फोटो काढायचा, हा नियम पहिल्याच दिवशी घाला. वर चिकटपट्टीचा तुकडा लावला तरी भागतं. गॅलरीत आपोआप साठवण बंद करा. शिकवण्यासाठी वापरणार असाल तर पेशंटला त्याच्या भाषेत विचारून घ्या, पावरीत, अहिराणीत, जी असेल ती. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला म्हणून हे सांगत नाही. तो माणूस पाड्यावरून चालत आपल्याकडे आलेला असतो.

या केसेसचा दुसरा उपयोग तुमच्या लक्षात आला असेलच. नाव झाकलेला, परवानगी घेतलेला तोच ईसीजी सोमवारी फायनल इयरच्या मुलांना द्या. ‘तुम्ही केंद्रात एकटे आहात, सिस्टर आहेत, हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन चाचणी नाही. आता?’ हे ॲपवर नाही. पत्र वाचणारे नर्सिंगचे, फिजिओथेरपीचे शिक्षक असतील त्यांनाही हेच सांगेन. बाहेर पडलेल्या तुमच्या विद्यार्थ्यांच्या अडचणी गोळा करा, त्याच आतल्या विद्यार्थ्यांचा धडा होतील. यूट्यूबवर काही टाकायचं असेल तर शासकीय नोकरांनी आधी लेखी परवानगी घ्यावी. ‘शिक्षणासाठीच आहे’ हे उत्तर चौकशीत पुरत नाही.

राहिला कोर्स. करा, पण निवडताना फी आणि विद्यापीठाच्या नावाआधी एक विचारा: मी लिहिलेलं कोण वाचणार आणि किती दिवसांत उत्तर देणार? ‘सिस्टिम देते’ असं उत्तर आलं तर पुढचा कोर्स बघा. परळला जीएस मेडिकल कॉलेजात २००५ पासून वैद्यकीय शिक्षकांसाठी फेमर या संस्थेची फेलोशिप चालू झाली. तिच्यात प्रत्यक्ष शिबिरांच्या मधले महिने ईमेलवर चर्चा चालायची. साधी ईमेल, ना रंग ना बटणं. कुणी विषय काढायचा, बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजातलं लिहायचं, रात्री अकराला कुणीतरी वाद घालायचं. त्यातून बाहेर पडलेल्या शिक्षकांशी बोलून पाहा, त्या मेल त्यांना अजून आठवतात.

पहिल्या गुरुवारची वेळ तुम्ही ठरवू नका. त्या मुलीला विचारा, तिची ओपीडी किती वाजता आटोपते आणि रेंज कुठे येते. आणि तिची हरकत नसेल तर पहिली केस तिचाच तो ईसीजी घ्या, दोन्ही, उलटा आणि सुलटा. ‘एव्हीआर बघ’ या वेळी तुम्ही म्हणू नका. कुणीतरी म्हणेल.